कवळीच्या डबीतला दवबिंदू

मी दवबिंदू बोलतोय, थेंब नव्हे, त्या नावाचं रोपटं. 'बोलतोय' म्हणताना जरा चोरट्यासारखं होतं, कारण बोलायला तोंड लागतं आणि ते मला नाही. दातही नाहीत. तरी मी खातो. हे कसं होतं ते मलाही पुरतं उमगलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं सांगतो, कुठे चुकलो तर समजून घ्या.

आमचं बी म्हणजे काळी धूळ. चिमटीत धरायला जावं तर बोटावरच्या रेषेत हरवतं. अशा धुळीतला एक कण होऊन मी बटरपेपरच्या घडीत झोपलो होतो. ती घडी एका डॉक्टरीणबाईंनी दातवाल्यांच्या हातात ठेवली.

दातवाले म्हणजे कवळ्या करणारे कारागीर. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे त्यांच्याकडे पाठवतात आणि ते आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मेण, प्लॅस्टर आणि गुलाबी हिरड्या यांतून माणसांना परत चावायला शिकवतात. त्यांच्या फळीवर अनोळखी तोंडं ओळीनं हसत असतात.

"खिडकीत ठेवा. बघत बसाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त कसदार माती नको, खत नको आणि नळाचं पाणी तर अजिबात नको."

"म्हणजे उपाशी ठेवायचं?"

"उपाशीच. चांगलंचुंगलं दिलं की मरतं."

"आमच्या आक्काच्या वळणावर गेलंय," दातवाले म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वरच्याच मजल्यावर राहते. तिच्यासाठी दातवाल्यांनी जीव ओतून एक कवळी केली होती. पण ती डावीकडे खाली टोचायची. केसाएवढी कानस मारली असती तर बसली असती. आक्कानं ते भावाला एकट्याला सांगायचं, तर भरल्या पंगतीत कवळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "मी हिनं जेवत नाही, हीच मला जेवते." सगळे पोट धरून हसले. दातवाले हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कवळी डबीत बंद होऊन खाली आली, "तुझी तुला" या निरोपासकट.

त्यानंतर आक्का कवळी घासून घ्यायला खाली आली नाही आणि दातवाले कानस घेऊन वर गेले नाहीत. मग भांडणाला दात पुरेनात, तेव्हा दोघांनी पाणी धरलं. आक्काच्या एसीचा पाइप दातवाल्यांच्या खिडकीवरच्या पत्र्यावर गळायचा. टप्, टप्. हे ओरडायचे, "कानात खिळे ठोकतेय." ती वरून म्हणायची, "पाणीच आहे, ॲसिड नाही." पुढे तेवढंही बोलणं उरलं नाही. टपटप उरली.

झाकण असलेलं पारदर्शक भांडं शोधताना दातवाल्यांच्या हाताला तीच डबी लागली. मग कवळी खणात ठेवली, डबीच्या बुडाला बारीक भोकं पाडली, शेवाळापासून झालेली निकस माती आणि धुतलेली वाळू भरली. बी पेरताना त्यांनी श्वास रोखला होता. एक शिंक आली असती तर आमचं सारं खानदान प्लॅस्टरच्या भुकटीत मिळालं असतं. आम्हाला मातीवर नुसतं भुरभुरलं, वर काही झाकलं नाही आणि डबी पाण्याच्या ताटलीत ठेवली. साठवलेलं पावसाचं पाणी खालून वर चढत आलं.

कितीतरी दिवस आमचं काहीच झालं नाही. दातवाले रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून बघायचे आणि बायकोला सांगायचे, "आज काही नाही." ती म्हणायची, "मी काल विचारलं होतं का?"

आणि मग मी फुटलो. टाचणीच्या डोक्याहून लहान, दोन हिरवे ठिपके. पुढच्या पानाला केस आले आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. तो मी आणला नव्हता. कुठून आला तेही मला माहीत नाही. सकाळी होता तसा भर दुपारीही होता. दव उन्हानं वाळतं, हे वाळत नव्हतं.

"अगं, इकडे ये. लवकर."

"दूध आहे गॅसवर."

"दूध राहू दे."

तिनं भिंग डोळ्याला लावलं. "शेवाळ आहे," ती म्हणाली. पण दूध उतू गेल्याचा वास आला तरी ती जागची हलली नाही.

माझं पहिलं जेवण म्हणजे मातीवरचं एक चिलट. ते आलं, टेकलं आणि राहिलं. त्याची क्षमा मागावी असं मनात येतंय तोवर माझे केस वाकायला लागले होते. मी वाकवले नाहीत, शपथेवर सांगतो. दातवाले काम टाकून समोर बसले. केस हलताना त्यांना दिसेना. नजर काढून पुन्हा बघितलं की मात्र आधीपेक्षा वाकलेले असायचे. ते पुटपुटले, "जबडा नाही, हिरडी नाही. अन् हे आपलं जेवतंय." जन्मभर लोकांना दात बसवणारा तो माणूस हात जोडल्यासारखा बसून होता. कुणासमोर ते त्यालाही कळलं नसावं.

उन्हाळा आला आणि पावसाचं पाणी संपलं. दातवाल्यांनी आमच्यासाठी महागाची पाण्याची बाटली आणली, डोंगराचं चित्र असलेली. स्वतः ते नळाचंच पीत होते. त्या प्रेमानं आमचा घात केला. आधी थेंब आटले, मग टोकं करपली. एकेक भावंड तपकिरी होऊन मातीला लागलं.

डॉक्टरीणबाई साचे द्यायला आल्या तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, त्यात क्षार मुद्दाम घालतात. ह्याला काहीच नसलेलं पाणी लागतं."

"गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं होतं. पण त्याच्या कॅनमधून काय काय येऊन गेलंय ते तोच जाणे."

"मग एसीचं द्या. हवेतलं पाणी गार होऊन गळतं, त्यात काही नसतं. ओळखीत कुणाकडे एसी आहे का?"

पत्र्यावर टप् झालं. पुन्हा टप् झालं. दातवाल्यांची बायको तोंड दाबून आत पळाली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून पत्र्याखाली कॅन लागला. ज्या थेंबांना शिव्या मिळत होत्या तेच थेंब खालून माझ्या मुळाशी चढले. मी एकटाच उरलो होतो, पण माझ्या एका पानावर पुन्हा चमक आली.

आणि टपटप थांबली.

दातवाल्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. पाइप दुसऱ्या बाजूच्या गटाराकडे वळवलेला होता.

"वन्संनी काल माणूस बोलावून फिरवून घेतला," बायको म्हणाली. "म्हणाल्या, एकदाचा त्याच्या कानाला आराम पडू दे."

"आत्ताच सुचलं होय तिला?"

"तुम्हाला हवं होतं तेच झालं ना? जा आता, वर जाऊन आभार माना."

ते गेले नाहीत. कॅन रिकामा झाला, मग ताटलीही कोरडी पडली. माझी चमक जायला लागली तेव्हा त्यांनी डबी उचलली, भिंग खिशात टाकलं आणि जिना चढले. प्रत्येक पायरीला मी हिंदकळत होतो. माझ्यासाठी एका माणसाचा ताठा वाकावा एवढी माझी लायकी आहे का, या विचारानं मी कासावीस झालो होतो.

आक्कानं दार उघडलं. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले.

"पाइप फिरवला मी. आता काय राहिलं?"

"परत फिरव."

"काय?"

"पाणी हवंय. ह्याला."

तिनं खाली बघितलं. "ही माझी डबी ना?"

"हो."

"माझ्या डबीत गवत लावलंस?"

त्यांनी भिंग पुढे केलं. आक्का वाकली. माझ्या एकुलत्या एक तजेलदार पानावर तेव्हा एक केसाएवढी माशी होती आणि पान तिच्याभोवती मिटत चाललं होतं. आक्का बघत राहिली. तिचा श्वास मला लागत होता.

"ह्याला दात नाहीत?"

"नाहीत."

"मग खातं कसं?"

"हळू. घाई नाही करत."

"कुणी केलं असेल रे हे?"

"मला नसतं जमलं," दातवाले म्हणाले. "मला तर तुझी डावी हिरडी जमली नाही."

आक्कानं भिंग खाली ठेवलं नाही. त्याच्याआडून म्हणाली, "कानशीचंच काम होतं. मला कळत होतं. पण सगळे एवढे हसले, की मग खाली यायला तोंड राहिलं नाही."

"तुला तोंड राहिलं नाही?"

"दात नव्हते, आणि तोंडही नव्हतं," ती म्हणाली आणि दुमडलेल्या ओठांतून खुदकन हसली. "टाकलीस का ती?"

"खणात आहे."

"मग कानस घेऊन ये. मी कुठे जातेय?"

ते खाली धावले. आम्ही दोघं बिनदातांचे समोरासमोर उरलो. आक्कानं आतही थोडा गळणाऱ्या एसीखालच्या बादलीत पेला बुडवला आणि माझ्या ताटलीत ओतला. एका हातानं गालाचा खळगा चाचपत ती माझ्याकडे बघत होती. "खा बाबा," ती म्हणाली. "तू खा आधी."

आता पाइप पुन्हा पत्र्यावर आहे. टपटप चालू असते आणि कुणाच्याही कानात खिळे जात नाहीत. मी थोराड झालोय. उंच दांड्यावर गुलाबी फुलं येऊन गेली आणि खाली पसरलेल्या कागदावर तीच काळी धूळ पडायला लागली आहे. आक्का खाली येते, मला भिंगातून बघते आणि दातवाल्यांच्या समोर बसून सफरचंद कुरकुर खाते. तो आवाज ऐकताना ते मान खाली घालून कानस चालवतात, पण त्यांची कानस थांबून थांबून चालते.

परवा त्यांनी तिला विचारलं, "डबी देऊ का परत? ह्याला दुसरीकडे हलवतो."

"राहू दे त्यालाच," आक्का म्हणाली. "माझे दात पेल्यात मजेत झोपतात."

तर माझी धूळ कधी तुमच्या हाती आली तर मला कसदार काही देऊ नका. मी निकस जागेतच जगतो, का ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एवढंच करा, एखाद्या दुपारी माझ्यासमोर वाका आणि जरा थांबा. मी हलताना तुम्हाला दिसणार नाही. पण तुम्ही मान वर कराल तेव्हा काहीतरी मिटलेलं असेल.