सुकटच्या पोटावरची चरबी

मित्रांनो, मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातला एक म्हातारा कुत्रा आहे. मासळी विकणाऱ्या कृष्णाबाईला मी टोपल्यांमागे सापडलो, तेव्हा माझ्या अंगावर नुसती हाडे होती. म्हणून तिने माझे नाव सुकट ठेवले. पुढे नाव तेच राहिले, मी मात्र चांगलाच सुटलो.

तरुणपणी माझ्याकडे मोठे काम होते. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असत आणि त्यांची राखण मी करत असे. कावळ्यांशी माझे उभे वैर. एकही बोंबील मी त्यांना मिळू दिला नाही. एखादा माझ्याच तोंडी लागला असेल, तो पगारात धरावा. संध्याकाळी होडी लागली की कृष्णाबाई टोपली घेऊन निघायची आणि मी तिच्यापुढे धावायचो.

"माझा सुकट असला की मना कसली भीती नाय," ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकून माझी शेपटी जमिनीला लागत नसे.

मग माझे मागचे पाय दुखू लागले. आधी धावणे गेले, मग उंबरठा ओलांडणेही गेले. होडी लागायची, कृष्णाबाई एकटीच जायची आणि मी दारात पडून कावळ्यांचा आवाज ऐकायचो. ते मुद्दाम मोठ्याने ओरडत असावेत. शेजारी म्हणायचे, "म्हातारा झाला तो. आता दुसरा आण." मला फार वाईट वाटायचे.

शेवटी कृष्णाबाई आणि तिची नात कल्पिता मला रिक्षात घालून प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर निमेश यांनी माझे पाय हलवून पाहिले.

"खुब्याचा सांधा झिजलाय. त्यात वजन एवढं. याला खायला कोण घालतं?"

कल्पिताने आजीकडे पाहिले. आजीने छताकडे पाहिले.

"एक उपाय आहे," डॉक्टर म्हणाले. "याच्याच पोटावरची थोडी चरबी काढायची. तिच्यात मूळ पेशी असतात, स्टेम सेल म्हणतात त्यांना. त्या वेगळ्या करून सांध्यात सोडायच्या. घोड्यांच्या दुखऱ्या पायांवरही हे करतात. काहींना आराम पडतो, काहींना नाही. हमी मी देणार नाही."

"दर्याची तरी कुठं हमी असते, डॉक्टर? तरी आमी जातो ना," कृष्णाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाली. "तरुण नको करू त्याला. उंबरठा उतरला तरी बस."

मला भूल द्यायची होती, म्हणून उपाशी आणायला सांगितले होते. पण त्या सकाळी कृष्णाबाईने मला पोटभर उकडलेली मासळी भरवली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, तर ती म्हणाली, "आमच्या घरातलं कोनी मोठ्या कामाला उपाशी जात नाय."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. भुलीत उलटी झाली तर ती छातीत जाऊन जीव जाऊ शकतो, हे त्यांनी समजावले. कृष्णाबाईचा चेहरा उतरला. आम्ही तसेच परत आलो.

पुढच्या खेपेला मी उपाशी गेलो आणि तीही उपाशी आली. "त्याला उपाशी ठेवून माझ्या घशाखाली घास कसा उतरंल," ती कल्पिताला म्हणाली. मी शुद्धीवर आलो तेव्हा ती बाकावर तशीच बसलेली होती. इतके प्रेम माझ्यावर दुसऱ्या कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

बरेच दिवस काहीच फरक पडला नाही. माझे जेवण मात्र निम्मे झाले, आणि ते मला अजून पटलेले नाही. मग एका संध्याकाळी होडी लागली, कृष्णाबाईने टोपली उचलली आणि मी तिच्या मागोमाग उंबरठा उतरलो. ती वळली, मला पाहिले आणि पदर डोळ्यांना लावून तिथेच उभी राहिली.

मी बरा झालो, पण पुरता नाही. धावता येत नाही, हे कावळ्यांना ठाऊक आहे. मित्रांनो, तुमच्या घरातले जनावर म्हातारे झाले, तर दुसरे आणण्याआधी त्याला कुठे दुखते ते बघा. उपाय असेलच असे नाही. पण बघणारे कोणी आहे, एवढ्यानेही बरे वाटते.

"माझ्या गुडघ्यांत पन सोडा की ते," कृष्णाबाई एकदा डॉक्टरांना म्हणाली. "मी जनावरांचा डॉक्टर, आजी," ते हसून म्हणाले. तिचे गुडघे तसेच आहेत. किनाऱ्यावर जाताना ती काठी टेकते, थांबते, पुन्हा निघते. मला आता तिच्यापुढे जाता येते. मी जात नाही.