फडक्यातला कडक पाव

मी ओव्हन बोलतोय. स्वयंपाकघरात, मिक्सर आणि पाण्याच्या हंड्याच्या मधे, भिंतीला पाठ लावून बसलेला काळा पेटारा दिसतो ना, तोच मी. माझ्या पोटात आत्ता काय ठेवलंय ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर माझं डोकं फिरेल आणि बाकीचं राहून जाईल.

जन्म कारखान्यात झाला. पत्रा, काच, तापणाऱ्या दोन कांड्या वर, दोन खाली, आणि पुढे कान पिळायला तीन बटणं. कर्जतच्या बाजारपेठेत एका दुकानात काही महिने उभा होतो. तिथून खोपोलीच्या ओमकारमामांनी मला घरी नेलं. त्यांच्याकडे माझ्यात एक केक झाला आणि तो मधे बसला. मामी म्हणाल्या, "यापरीस कुकरातला बरा व्हतो." झालं. त्या दिवसापासून माझ्यात रिकाम्या पिशव्या कोंबायला सुरुवात झाली. माणसांना वस्तू घ्यायची हौस दांडगी. कपाट हवं होतं तर कपाट घ्यायचं होतं, मला कशाला आणलंत?

मामांची भाची प्राची एकदा पिशवी शोधायला आली आणि तिनं माझं दार उघडलं. पिशव्यांकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिनं कांड्या पाहिल्या, आत हात घालून खोली मापली, आणि म्हणाली, "मामा, तुमी हा वापरत नाय तर मी नेऊ?" मामींनी मामांच्या आधी होकार दिला. मी टेंपोत बसून चौक गावाच्या आतल्या बाजूला, प्राचीच्या घरी आलो. वाटलं, सुटलो.

प्राची कर्जतला एका दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसते. पण तिचं मन पावात. साधा लादीपाव नाही. तिला फ्रान्समधल्यासारखा पाव करायचा होता, वरून असा कडक की मोडताना आवाज यावा आणि आत जाळीदार, मऊ. पुद्दुचेरीला बेकरीचं काम शिकवणारी एक शाळा आहे म्हणे. तिथे तिचं नाव लागलं होतं. फक्त घरून होकार हवा होता, आणि होकार म्हणजे तिचे बाबा, संतोषराव.

संतोषराव खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आता भात लावतात, भात निघालं की त्याच शेतात वाल. माणूस वाईट नाही, पण पहिला शब्द 'नाय'. दुसऱ्या दिवशी जेवताना जरा विरघळले. म्हणाले, "घरात जमत नाय ते तिकडं जाऊन काय जमनार? आदी हितं करून दाव. मी खाईन. आवडला तर जा."

म्हणजे पोरीचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या पोटात येऊन बसलं. मीही कंबर कसली.

प्राची रात्री मैदा, यीस्ट, मीठ, पाणी एकत्र करून ठेवायची. पहाटे उठून लांबट गोळे वळायची. ते माझ्यात सरळ मावायचे नाहीत, म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके. वरून बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं चिरा द्यायची, आणि संतोषराव गालाला साबण लावून घरभर ब्लेड शोधत फिरायचे. मी लाल तापलो की खालच्या ट्रेमध्ये पाणी ओतून ती चटकन दार लावायची. आत वाफ कोंडली की पावाची साल पातळ, कडक आणि तांबूस होते. हे सगळं मी जीव ओतून करायचो. शेजारी पंप चालू झाला की दिवे मंद व्हायचे आणि माझी धग उतरायची, तरी दात-ओठ खाऊन पुन्हा चढायचो.

आणि पाव होत होता, हो. अगदी पहिल्यांदा नाही, पण पुढे चांगला होत होता. बाहेर काढला की खालून टिचकी मारून ती ऐकायची आणि पोकळ आवाज आला की हसायची. मग जाळीवर ठेवून धावत रस्त्यावर जायची, कारण कर्जतची रिक्षा कुणासाठी थांबत नाही. गरम पाव कापला तर आतून चिकट होतो, तो गार व्हायला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी येऊन कापू, असा तिचा हिशेब.

ती गेली की जाळीवरचा पाव तडतडायला लागायचा. गार होताना त्याची साल अशी बारीक बारीक तडकते. चुलीत ओली काटकी घातल्यावर येतो ना, तसा आवाज. माझ्या कष्टाचं सगळं फळ त्या आवाजात आहे. आणि तो मी नीट ऐकून घेतोय तोच ललिताबाई आत यायच्या.

ललिताबाई म्हणजे प्राचीची आई. हाताला चव, पोरीवर जीव. त्या उघड्यावर पडलेला गरम पाव बघायच्या आणि त्यांना राहवायचंच नाही. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की ती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत मऊ राहते. हे त्यांच्या सासूनं शिकवलेलं. उघडी राहिलेली भाकरी म्हणजे बाईचा हलगर्जीपणा. त्या पाव उचलायच्या, "पोरगी घाईत तशीच टाकून जाते" असं पुटपुटायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि डब्याचं झाकण घट्ट लावायच्या.

आतल्या आत घामानं पाव भिजून जायचा. तडतड बंद. दुपारी ललिताबाई भाकऱ्यांसाठी फडकं मोकळं करायच्या आणि पाव पुन्हा जाळीवर, होता तसा ठेवायच्या. संध्याकाळी प्राची येऊन दाबून बघायची. साल चामड्यासारखी.

"कच्चा राहतो आतून," ती मोबाईलमधले व्हिडिओ बघत म्हणायची. "आतली वाफ बाहेर येऊन साल मऊ पडते. ओव्हनच तापत नाय. भिकार हाय."

भिकार. मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि चोर तिच्या शेजारी बसून वाल सोलत असायचा. "मऊ तर हाय गं," ललिताबाई म्हणायच्या. "मऊ पडला म्हनून कोन रडतं का?" पोरगी चिडायची, आई वाल सोलत राहायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच फडकं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. माझ्याकडे फक्त एक घंटी. ती वेळ संपल्यावर एकदा वाजते, आणि त्या घंटीचा अर्थ कुणी 'आईला अडवा' असा लावत नाही.

प्राचीनं पाणी कमी केलं, जास्त केलं. बर्फ टाकला. वेळ वाढवला, पाव खालून करपला. माझ्या दारावर एकदा चापट मारली. कर्जतला जुना ओव्हन कुणी घेईल का याची चौकशीही केली, तीही माझ्यासमोर उभं राहून, फोनवर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा.

शेवटी शाळेला कळवायची मुदत आली आणि एका रविवारी बाबांना पाव खाऊ घालायचं ठरलं. त्या दिवशी मी काय तापलो म्हणून सांगू. पंपही मेहेरबान होता. पाव बाहेर आला तो सोन्यासारखा, चिरा उमललेल्या. प्राचीनं टिचकी मारली आणि डोळे मिटले. मग बाबांना शेतावरून बोलवायला ती बाहेर पडली.

पाव तडतडू लागला. आज रविवार, आज पोरगी लगेच परत येणार, आज तरी, असं माझ्या मनात आलं. ललिताबाई आत आल्या. त्यांनी पावाकडे जरा थांबून बघितलं. मग फडकं घेतलं.

पण प्राची दारातूनच मागे फिरली होती. सुरी कुठं ठेवलीय ते सांगायला. तिनं डबा बघितला, डब्यातलं फडकं बघितलं.

"आई, हे रोज करतेस तू?"

"रोजच. गरम भाकर उघडी टाकते का मी कदी?"

प्राची खाली बसली. मला वाटलं, आता माझा न्याय होणार. काढ ते झाकण, आण पाव इकडे, पुन्हा माझ्यात घाल, दोन मिनिटांत साल कडक करून देतो. तिनं झाकणाला हात घातलासुद्धा.

ललिताबाईंनी तो हात धरला. "ऱ्हाऊ दे. रोज सवयीनं झाकत व्हते. आज मुद्दाम झाकलाय. तुज्या बाबांना कवळी बसलीय. त्यांना तुजा कडक पाव चावायचा नाय, आनि नाय म्हनायला त्यांना निमित्तच पायजे. तुला पाव बरोबर करून दावायचा हाय का तिकडं जायचं हाय?"

झाकणावरचा हात प्राचीनं हळूच काढून घेतला आणि ती बाबांना बोलवायला गेली.

संतोषराव पाय धुऊन आले. पाव मोडला. आवाज आला नाही. त्यांनी घास चहात बुडवला, शांतपणे चावला, आणखी एक घेतला. "मऊ झालाय," ते म्हणाले. "आता जमला तुला. जा."

ललिताबाईंनी पदर डोळ्याला लावला. प्राची हसत होती आणि रडतही होती. हे सगळं बघून मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण एक विचारतो, माझं काय? माझ्या हातून झालेल्या सगळ्यात देखण्या पावाची साल भिजवून त्याला शाबासकी मिळाली. मी भिकार नव्हतो, हे घरातल्या दोन बायकांना आता पक्कं ठाऊक होतं. एकीनंही तसं म्हटलं नाही. एकीला बॅग भरायची होती, दुसरीला लाडू वळायचे होते.

प्राची पुद्दुचेरीला गेली. ललिताबाईंच्या लक्षात आलं की माझं दार घट्ट बसतं. आता तुम्हाला सांगतो माझ्या पोटात काय आहे ते. भाकऱ्या. फडक्यात गुंडाळलेल्या. तापायला जन्मलो आणि गार भाकऱ्यांचा डबा झालो.

परवा प्राचीचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. ललिताबाईंनी फोन माझ्याच डोक्यावर टेकवून ठेवला आणि पीठ मळत बोलू लागल्या. तिकडून प्राची म्हणाली, "आई, थांब, ऐक जरा." आणि तिनं फोन कशाच्या तरी जवळ नेला.

तडतड, तडतड. मी ओळखला.

"काय गं वाजतंय? करपलं का काय?"

"नाय गं. पाव हाय. भट्टीतून निघाला की असा वाजतो. आपल्याकडं पन वाजायचा रोज."

ललिताबाईंचे हात पिठात थांबले. त्या ऐकत राहिल्या. आवाज विरळ होत गेला, तरी त्या फोनकडे वाकून उभ्या होत्या.

"आपल्याकडं पन?" त्यांनी विचारलं.

"रोज."

मग ललिताबाई म्हणाल्या, "प्राचे, तिकडं कोनाला झाकू देऊ नको हां त्याला."

फोन बंद झाला. त्यांनी भाकऱ्या थापल्या, भाजल्या, फडक्यात बांधल्या आणि सवयीनं माझं दार उघडलं. पण गाठोडं आत ठेवलं नाही. ते हातात धरून त्या माझ्या कांड्यांकडे बघत राहिल्या, प्राचीनं पहिल्या दिवशी बघितलं होतं तशा.

मग ठेवलं. भाकऱ्यांचा जुना डबा शोधला, तो सापडत नव्हता.

प्राची दिवाळीला येणार आहे. तेव्हा एकच करा, ललिताबाई. पाव निघाला की तुम्ही अंगणात जाऊन बसा. मी आणि तो, आम्हाला जरा वेळ उघड्यावर राहू द्या.