छताला टेकू

बुडबुडा दोन काळ्या रेषांच्या मधोमध येऊन थांबला, आणि मग — तिनं श्वास सोडला म्हणून की काय — केसभर डावीकडे सरकला. हिरवट पाण्यातला, तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा. मोल्दिरनं पाणसळ खांबाला दाराच्या बाजूनं लावली, मग खिडकीच्या बाजूनं, मग पुन्हा दाराच्या बाजूनं, कारण पहिल्यांदा दिसलं ते खरंच होतं याला पुरावा काय... काल खांब सरळ होता. परवाही होता. खांब आपोआप वाकत नाही हे तिला कळतं, चार वर्षं बांधकामशास्त्र शिकलेली आहे ती. पण पाळण्यातल्या इंझूचा श्वास चालू आहे हेही तिला कळत असतंच, तरी वाकून नाकाशी बोटाचं पेर धरल्याशिवाय तिला तिथून हलता येत नाही. अकरा महिने झाले. पेराला ऊब लागते, एवढंसं बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा पुरत नाही.

आज तर पाणसळ लावायचं कारणच नव्हतं. आज खांब काढायचा होता. एकच्या बसनं गावाहून अपा येणार होत्या — तिच्या सासूबाई — आणि बैठकीच्या खोलीत, सोफा आणि पाळणा यांच्या मधे, जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत पोलादी खांब उभा होता, ज्याच्यावर त्यांची सून आठवड्यातून चार सकाळी, पोर झोपलेली असताना, आखूड चड्डी घालून चढत होती. चढत होती म्हणजे... एक वीत. फार तर दोन.

उठल्याउठल्या तिनं गटात लिहिलं होतं: सासूबाई येताहेत. काढू की ठेवू?

गटाचं नाव 'जमिनीपासून वीतभर'. एकशे सत्तर बायका, कुणी अस्तानाची, कुणी ओशची, कुणी ताश्कंदची, आपापल्या घरात आपापल्या छताखाली शिकणाऱ्या. चेहरा दाखवायचा नाही, दुसरीच्या अंगाबद्दल चांगलंसुद्धा बोलायचं नाही, आणि काळानिळा डाग पडला की फोटो टाकायचा. त्याचं बारसं सगळ्या मिळून करतात. मोल्दिरच्या मांडीवरचा पहिला डाग लांबट होता, अर्धा गडद आणि अर्धा फिका, म्हणून तो 'बल्खाश सरोवर' झाला. खरी नावं कुणी सांगत नाही. सासरच्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत, त्यांना आपल्या मनानं दुसरी नावं द्यायची, हे त्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं — फक्त इथे पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला नाव देतं. खांब सरळ आहे का, सरळ आहे का, असं तिनं लागोपाठ तीन दिवस विचारल्यावर तिचं नाव 'पाणसळ' पडलं.

'ठेव की,' एकीनं उत्तर दिलं होतं. 'माझ्या सासूला मी कपडे वाळत घालायचा खांब म्हणून सांगितलंय. आता रोज मोजे आणून देते.'

'काढ बाई. माझीनं मुल्लांना बोलावलं. ते बिचारे छताकडे बघून, एवढा लांब खांब जिन्यातून आणला कसा, तेच विचारत बसले.'

आणि सगळ्यात शेवटी ल्युदमिला, जी गट चालवते, त्रेपन्न वर्षांची, रुद्नी गावात दातांची डॉक्टर: 'काढायचा तर काढ, पाणसळ. परत लावताना मी फोनवर बसेन. मागच्यासारखी.'

मागच्या वेळी ती दोन तास बसली होती. या जुन्या इमारतींच्या छतांचे ठोकळे आतून पोकळ असतात, नेमका पोकळीखाली खांब आला तर... म्हणून मोल्दिर स्टुलावर उभी राहून पेरानं छत ठोकत होती, आणि कितीतरी लांबून एक अनोळखी बाई कान लावून म्हणत होती, 'इथे नाही. इथेही नाही. हां, आता बद्द वाजलं. तिथेच.'

छताची भीती मोल्दिरला नव्हतीच. हातांची होती. इंझू पंधरा दिवसांची असताना, फेब्रुवारीत, तिला घेऊन चौथ्या मजल्यावरून ती उतरत होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची बोटं... सुटली नाहीत, पण आता सुटणार असं त्यांनी तिला सांगितलं, माणूस कानात सांगतो इतकं स्पष्ट. ती पायरीवर बसली. बसूनच राहिली, खालची शेजारीण कचरा टाकून वर येईपर्यंत. शेजारणीनं पोरीला घेतलं आणि मोल्दिरला दंडाला धरून वर आणलं, आणि दोघी हवापाण्याबद्दल बोलल्या. तेव्हापासून इंझूला जिन्यावरून मोल्दिरचा नवरा तोक्तार नेतो. तो पंधरा पंधरा दिवस खाणीवर असतो, तेव्हा मायलेकी खाली जातच नाहीत.

त्याच दिवसांत पोरीला पाजताना फोनवर एक बाई दिसली होती, पांढरी वेणी, दोन्ही हातांनी खांबाला लटकलेली, धापा टाकत बोलणारी: हात सुटतोय असं वाटतं ना, तेव्हा बहुतेक वेळा तो सुटत नसतो, नुसता दमलेला असतो. फरक शिकता येतो.

शिकता येतो. मोल्दिरनं तेवढंच तीनदा ऐकलं होतं.

तिनं पाना घेतला आणि खांबाच्या बुडाशी बसली. अपा वाईट नाहीत. पोरगी दूध पिते का, तू जेवलीस का, असं रोज विचारतात, याच क्रमानं. पण गेल्या आठवड्यात, लोणच्याची बरणी मागावी इतक्या सहज म्हणाल्या, 'पोरीला वसंतापर्यंत माझ्याकडे ठेवू का गं?' पहिलं नातवंड आजीआजोबांनी वाढवायचं, हे या घरात चालत आलेलं. तोक्तार तसाच वाढला. आजीलाच अपा, म्हणजे आई, म्हणायचा, आणि जन्म देणाऱ्या आईला, म्हणजे मोल्दिरच्या या सासूबाईंना, अजून नावानं हाक मारतो. कुल्याश, चहा घे. कुल्याश, गुडघ्याला तेल लावलंस का. प्रेमानंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोल्दिरला हसू आलं होतं. आता तिला इंझूचा आवाज ऐकू येतो — अजून एक शब्दही न फुटलेला आवाज — मोल्दिर, चहा घे. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, आणि आतून कुणीतरी विचारलं, तिकडे जिने नाहीत, तिकडे ती जास्त सुखरूप राहणार नाही कशावरून? म्हणून ती एवढंच म्हणाली, 'तुम्ही या तर आधी, अपा.'

चार वेढे, पाच... सहाव्या वेढ्याला घंटा वाजली. सव्वाअकरा.

'बस कशाला,' अपा दारातूनच बोलत आल्या, 'गावचा डॉक्टर येत होता गाडीनं, बसले मागे. सगळ्या वाटेनं त्याला माझी नाडी बघायला लावली.' मोल्दिर सुनेच्या रिवाजाप्रमाणे गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, पाना मुठीत तसाच. अपांनी तिच्या कपाळाचा वास घेतला, पिशवी खाली ठेवली — सुकवलेल्या चीजच्या गोळ्यांचा आंबूस वास खोलीभर झाला — आणि मग मान वर करून त्या थांबल्या.

'छत खाली आलंय?'

मोल्दिरच्या जिभेवर मोज्यांची गोष्ट तयार होती. पण अपा खांबावर तळवा फिरवून वर बघत होत्या, आजारी जनावराकडे बघावं तसं. नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत वाढलेली बाई. तिथे वादळ आलं की माथ्यावरच्या गोल चौकटीला मधोमध बकान लावतात, म्हणजे टेकू. घराच्या मध्यावर खांब उभा आहे याचा अर्थ वरचं काहीतरी पडायच्या बेतात आहे — दुसरा अर्थ त्यांच्यापाशी नव्हताच. त्यांनी खांब जरा ढकलून पाहिला. सैल झालेला खांब कुरकुरला.

'टेकूसुद्धा हलतोय. तोक्तारला माहीत आहे?'

'आहे. त्यानंच वर आणला.'

'आणि असं सोडून खाणीवर गेला? पहिल्यापासून तसाच. अंगावर भिंत पडली तरी चहा संपवून उठेल.' मग त्यांची नजर पाळण्याकडे गेली आणि आवाज उतरला. 'या खोलीत निजवतेस तिला?'

'अपा —'

'चहा नको टाकूस. तिचे कपडे भर. डॉक्टर चारला परत निघतोय, त्याच्याच गाडीनं नेते तिला. छताचं काय ते होऊ दे, मग बघू.'

इतकं सोपं होतं. मान हलवायची. पोर दिली असं कुणी म्हणणार नाही, छतानं दिली... जिना नाही, पेर नाही, नाकाशी वाकणं नाही, वसंतापर्यंत. मोल्दिरला स्वतःची मान हलायला निघालेली कळली, आणि तेवढ्यात इंझू उठली, पाळण्याच्या दांड्या धरून उभी राहिली आणि दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागली, कोण जास्त उपयोगाची आहे ते ठरवत असल्यासारखी. मोल्दिरनं तिला उचलून कडेवर घेतलं.

'छत धड आहे, अपा. खांब माझा आहे. मी चढते त्याच्यावर.'

'कशाला? वर काय आहे?'

'काही नाही. वर जाऊन थांबायचं. हात सुटत नाहीत, ते बघायचं.'

अपा सोफ्यावर बसल्या. अंगात कोट तसाच. 'शिकवतं कोण?'

'बायका. फोनवरून.'

'पोरंबाळं आहेत त्यांना?'

'बऱ्याच जणींना.'

'मग त्या वर असतात तेव्हा पोरांना धरतं कोण?'

राग नव्हता त्यात, हेच मोल्दिरला झेपेना. रागाची तयारी तिनं आठवडाभर केली होती. 'झोपलेली असतात,' ती म्हणाली.

अपा खांबाकडे बघतच म्हणाल्या, 'तोक्तार चाळीस दिवसांचाही नव्हता. कुरणावर होतो आम्ही, वादळ आलं. पुरुष मेंढरांमागे गेलेले. तंबूच्या माथ्याला दोरी असते, वारा सुटला की तिला लटकायचं, सगळं वजन टाकून, नाहीतर घर उडतं. सासूबाईंनी हात पुढे केले, म्हणाल्या, पोर इकडे दे, दोरी धर. मी धरली. दुपारपर्यंत धरली. वारा पडला तेव्हा हात उघडेनात, पोर घ्यायला.' त्यांनी तळवे मांडीवर उताणे ठेवले. 'मग ते तिकडेच राहिलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.'

कुल्याश, चहा घे... मोल्दिरला ते हात बघवेनात आणि नजरही काढवेना.

'दाखव,' अपा म्हणाल्या.

'सैल आहे. तुम्ही येणार म्हणून काढत होते.'

'मग घट्ट कर.'

इंझूला पाळण्यात ठेवून तिनं पाना उचलला आणि पाणसळ अपांच्या हातात दिली. कुठे धरायची, काय बघायचं ते सांगितलं. 'हा किडा मधे यायला हवा?' अपांनी चष्मा पुसला. 'आला. पळाला. फिरव अजून... थांब, थांब, आला. बस झालं, आता बसलाय गुपचूप.' त्यांना तो किडा फारच आवडला होता. मोल्दिर उठली. दुसऱ्या बाजूनं एकदा लावून बघायला हात गेला, पण तिनं पाणसळ अपांच्याच मांडीवर राहू दिली.

लोकरीची विजार तिनं पाठ करून काढली, आत आखूड चड्डी होती. 'कापड घसरतं,' ती भिंतीला म्हणाली, 'कातडी धरते.'

'घोड्याचंही तसंच. खोगीर नसलं तर,' मागून आवाज आला. आणि जरा वेळानं, 'मांडीवर काय झालंय?'

'बल्खाश.'



तिनं तळवे टॉवेलनं पुसले. आणि नेमकी तेव्हाच इंझू रडायला लागली, हात वर करून, घे म्हणून. अपांनी कोट काढून बाजूला ठेवला, आणि दोन्ही हात पुढे केले.

पाळणा ते सोफा चार पावलं. मोल्दिरनं पोरीला उचललं, आणि जिन्याचं वळण आलं, पायरी आली, सगळं आलं. फक्त आज भीती सुटण्याची नव्हती, दुसरीच होती, आणि ती जास्त जुनी होती, कदाचित तिच्या आधीपासून या घरात असलेली. तिनं इंझूला त्या हातांत दिलं. अपांनी तिला कवटाळलं नाही. मांडीवर बसवून एक बोट तिच्या मुठीत दिलं, आणि बाकीचा हात तसाच उघडा ठेवला.

'जड झालीय,' त्या म्हणाल्या. 'किती वेळ राहता येतं तुला वर?'

'सव्वीस सेकंद.'

'मी मोजते.'

खांब गार होता. उजवी नडगी पुढून, डावी पोटरी मागून, मधे पोलाद आवळलं. हात वर, ओढ, पुन्हा आवळ. एक वीत. दोन. कपाटावरची धूळ दिसली, अपांच्या पांढऱ्या रुमालाची गाठ वरून दिसली, इंझूचं वर वळलेलं तोंड, रडायचं विसरलेलं. खिडकीत कुठेतरी फोन थरथरला — गटातून कुणीतरी विचारत असणार, पाणसळ, काढलास का.

अपा मोजत होत्या. मेंढ्या मोजतात तशा, जोडीजोडीनं: दोन, चार, सहा... मोल्दिरला हे कळायला बारापर्यंत लागलं. अशानं सव्वीस फार लवकर येणार होते. आलेही. खरे नव्हते ते, सांगायला हवं होतं. बोटं आता तिला काहीतरी सांगत होती आणि ती कान देऊन ऐकत होती — सुटताहेत की दमलीत... दमलीत. बहुतेक नुसती दमलीत. आणि खाली अपांनी थांबायला हवं होतं, पण त्या थांबल्या नाहीत. अठ्ठावीस, तीस, बत्तीस, त्यांचा आवाज संथ, मेंढरं एकामागून एक आत येताहेत, कुठलंच कुणाचं म्हणून वेगळं काढायचं नाही अजून. चारला गाडी निघणार होती, आणि आपण कितीवर आहोत हे आज पहिल्यांदाच मोल्दिर स्वतः मोजत नव्हती. पुढचा आकडा यायची ती वर वाट बघत राहिली.