उजवा कौल

गोदानं फोडणीची पळी चुलीवर धरली, तशी रंगूबाईनं ती सुनेच्या हातातून हिसकावून अंगणात भिरकावली.

"घरात बाय आलीय न् तू फोडणी घालतेस? नंदाच्या अंगावर आणखी फोड उठवायचेत का गं?"

जागून जागून गोदाला भानच उरलं नव्हतं. आत तिची थोरली लेक नंदा कडुनिंबाच्या पाल्यावर कण्हत होती. धाकटा गुणाजी पाळण्यात हातपाय उडवत होता. त्याचं अंग अजून कोरं होतं. रंगूबाई घडीघडी नातवाचं झबलं वर करून बघे, आणि बघताना श्वास घ्यायची विसरे.

पळी पडली ती एका माणसाच्या पायाशी. उंच, काळाभोर, अंगात साहेबाचा कोट. बूट त्यानं कुंपणापाशीच काढले होते.

"हा कोण शिद्दी? जंजिऱ्याहून आलास का रे बाबा?"

"अमेरिकेहून, आई. ठाण्याला मिशनात डॉक्टर आहे." तो शब्द जुळवत बोलत होता. "बाय आल्यात, ऐकलं. पाय धुऊ?"

देवीच्या रोगाला त्यानंही बायच म्हटलं. रंगूबाईनं तांब्या पुढे सरकवला, पण दार अडवूनच उभी राहिली.

"पोरीला हात लावायचा नाही. औषधानं बाय कोपते."

"नाही लावत. बाळासाठी आलोय. आजच दंडावर देवी काढली तर बहुतेक वाचेल. पुढे उशीर होईल."

"बहुतेक. एवढं सांगायला समुद्र ओलांडून आलास?"

तो पायरीवर टेकला.

"माझे वाडवडील आफ्रिकेतले. धरून नेलेले. डॉक्टर झाल्यावर मी तिकडे परत गेलो. तिथंही या रोगाचा देव आहे. नाव घेत नाहीत, मालक म्हणतात. पहिल्याच गावात मी न विचारता टोचायचं नस्तर बाहेर काढलं. बाया पोरं घेऊन रानात पळाल्या. पुष्कळ पोरं परत आली नाहीत. तेव्हापासून आधी विचारतो."

"कुणाला?"

"तिथं मालकाला. इथं बायला. तुम्ही विचारा, आई. नाही म्हणाली तर मी जातो."

रंगूबाई दार सोडून आत वळली.

शेंदूर माखलेल्या देवीच्या दगडापुढे म्हातारी कौल लावायला बसली. तगरीच्या दोन पाकळ्या भिजवून दगडाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर बायचा होकार, डावी पडली तर नकार. माजिवडे गावात तिच्या हातच्या कौलावर लग्नं ठरत, मोडत.

डावी पाकळी तिनं पाण्यात बुडवली आणि अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. उजवी पाण्याला न लावता नुसती टेकवली.

गोदा बघत होती. दारातल्या डॉक्टरनं मान फिरवून अंगणाकडे तोंड केलं.

उजवी पडली.

"दिला कौल," रंगूबाई म्हणाली.

दंडावर टोचल्यावर गुणाजी रडला, थोड्या वेळानं आईच्या अंगाशी लागून निजला. डॉक्टर हात जोडून गेला. रंगूबाई दगडासमोरून उठली नाही.

"आत्याबाई," गोदा हलकेच म्हणाली, "नंदा पाणी मागतेय. तुमच्याच हातचं हवंय तिला."

"तू पाज."

"रडतेय ती."

"रडू दे. मी तिच्यापाशी फिरकायची नाही आता." तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला, आणि दगडावरची नजर न काढता म्हणाली, "बायला माझ्याकडंच बघत राहू दे, पोरांकडं नको."