दीड हजार किलो मीठ

पावाच्या एका घाण्याला दीड हजार किलो मीठ घाला, असं यंत्राने जर्मनीतल्या बेकरीवाल्याला सांगितलं. माणूस भला, म्हणून हसला. "आम्हाला पाव करायचाय, समुद्र नाही," एवढंच त्याने हैदराबादला, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला कळवलं.

निशिगंधाला मात्र घाम फुटला. पाककृती वाचून यंत्राला मापं देणारा प्रोग्राम तिचा होता, आणि कंपनीत तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. घोडं अडलं होतं स्वल्पविरामापाशी. आपण तो हजार-लाख वेगळे दिसावेत म्हणून देतो, तेव्हा आकडा वाचण्याआधी तिने सगळे स्वल्पविराम सरसकट पुसले होते. आपल्यातल्या कुणीही हेच केलं असतं. जर्मन लोक मात्र दशांशाच्या टिंबाजागी स्वल्पविराम देतात. त्यांचं १,५०० किलो म्हणजे दीड किलो.

"मग स्वल्पविरामाचं टिंब कर की," तिचे टीमलीडर हर्षवर्धन म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पाठवून टाकू."

"नक्को सर. त्यांचंच इथलं हिमायतनगरचं दुकान मैदा १,५०० ग्रॅम असा लिहितंय. केकमध्ये दीड ग्रॅम मैदा पडेल."

"प्रोग्रामला ओळखू दे ना, कुणाचं काय ते."

"लिहिलेलं सेम टू सेम आहे, कसं ओळखणार? प्रत्येक पाककृतीवर देश लिहून द्या म्हणावं लागेल."

"गिऱ्हाइकालाच काम सांगायचं? पुढच्या आठवड्यात तुझं पक्कं व्हायचंय, कायकू पंगा घेतेस?"

हर्षवर्धन मनाचे वाईट नव्हते, पण गिऱ्हाइकापुढे त्यांची बोबडी वळायची. नोकरी निशिगंधालाही हवीच होती. तरी असं अंदाजपंचे काम पाठवायला तिचा हात धजेना. त्यांच्यादेखतच तिने जर्मनीला फोन लावला. चूक माझीच आहे, पण दुरुस्तीला तुमची मदत लागेल, प्रत्येक पाककृतीवर देश लिहावा लागेल, असं तिने सरळ सांगून टाकलं.

हर्षवर्धननी डोळे मिटून घेतले.

"देश वर लिहू की खाली?" बेकरीवाल्याने विचारलं.

"वर," निशिगंधा म्हणाली.

फोन ठेवून ती वळली, तर हर्षवर्धन त्या बेकरीवाल्याला मेल लिहीत होते. यापुढे काहीही अडलं तर माझ्याकडे न येता थेट निशिगंधाला विचारा, असं त्यात होतं. तिने ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि तिला फार बरं वाटलं. पक्की होवो न होवो, ही नोकरी आता तिची होती.