बत्तीस सालची यादी

"एकोणतीस?" ग्रंथालय समितीचे अध्यक्ष हेवुडसाहेब, त्यांनी यादी टेबलावर टाकली. "अख्ख्या ऑस्ट्रेलियात, वर्षभरात, कथा-कविता मिळून एकोणतीस पुस्तकं? एवढ्या तर माझ्या बायकोच्या टोप्या आहेत."

समिती हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. मी ॲडलेडच्या या ग्रंथालयातला बाइंडर. फाटक्या पुस्तकांचं रडगाणं घेऊन बैठकीला गेलो होतो. हसली नाही ती फक्त डल्सी ट्रेव्हरो. चोवीस वर्षं ती इथे आलेली पार्सलं फोडत होती आणि दर वर्षी देशातल्या साहित्याची यादी करत होती. आता १९३२ची यादी छापायची नाही, पुढचीही नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं.

"एकोणतीस नाहीत, साहेब," ती म्हणाली. "आपल्यापर्यंत पोचलेली एकोणतीस."

"मग बाकीची कुठं दडलीत? झुडपात?"

"मार्चच्या बैठकीला आणून दाखवते."

"आणा. नाहीतर विषय संपला."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "डल्सी, दोन महिन्यांत तू काय पुस्तकं पिकवणार आहेस?"

"तू तुझी सुई चालव, क्लेम."

तिला दुखणं ठाऊक होतं. आमच्याकडे पुस्तक म्हणजे लंडनहून बोटीने येतं ते. आपल्या गावच्या छापखान्यात, मेंढ्यांच्या लिलावाच्या जाहिरातींशेजारी छापलं जातं, ते कुणी पुस्तक समजतच नाही; छापणाराही नाही आणि लिहिणाराही नाही. पुस्तकं पाठवा म्हटलं की हे छापखानेवाले 'आम्ही पुस्तकं छापत नाही' असं प्रामाणिकपणे कळवत. या खेपेला डल्सीने तो शब्दच गाळला. देशभरच्या तीनशे छापखान्यांना तिने हाताने पत्रं लिहिली: 'गेल्या वर्षी तुम्ही शिवलेलं, चिकटवलेलं, टाचलेलं जे जे असेल त्याची एकेक प्रत पाठवा.'

आणि पार्सलांचा पाऊस पडला! चर्चच्या पाककृती आल्या, बोकडांच्या वंशावळी आल्या. पण त्यांच्यामध्ये लोकर कातरणाऱ्यांच्या आचाऱ्याच्या कविता होत्या, एका खाणकामगाराच्या गोष्टी होत्या. मरे नदीकाठच्या छापखान्याने तर कादंबरी पाठवली. इडा नोस्के नावाच्या गवळणीने ती गावच्या वर्तमानपत्रात आठवड्याला एक प्रकरण अशी लिहिली होती, आणि जुळवलेले शिशाचे खिळे वितळवण्याआधी छापखानेवाल्याने हौसेने चाळीस प्रती काढल्या होत्या. प्रत माझ्याकडे शिवायला आली. मी वाचत बसलो आणि जेवायचं विसरलो.

मार्चमध्ये डल्सीने एकशे चार पुस्तकं टेबलावर रचली. साहेबांनी चेष्टेसाठी नेमकी नोस्केबाईंची उचलली. "ऐका हं, गवळणीची कादंबरी!" पहिलं पान त्यांनी नाटकी आवाजात वाचलं. दुसऱ्या पानावर आवाज साधा झाला. तिसरं ते मनातच वाचू लागले.

"मोठ्यानं वाचा की," कुणीतरी म्हणालं.

"थांबा हो जरा," साहेब वर न बघता म्हणाले.

त्यांचा चहा गार झाला. मला इतका आनंद झाला की टेबलावर चढून नाचावंसं वाटलं.

अकरा पानांची यादी छापली गेली, आणि साहेबांनी स्वतः आग्रह धरून तिच्यावर डल्सीचं नाव घातलं. यादीची एकेक प्रत तिने प्रत्येक छापखान्याला पाठवली.

मे महिन्यात एका दुपारी वाचनालयात एक बाई आली. टोपी नवी होती, हात राठ होते.

"माझं पुस्तक इथं ठेवलंय म्हणतात," ती हळूच म्हणाली. "मी इडा नोस्के. बघायला मिळेल का? हात धुऊन आलेय."

समितीसमोरही बसून बोलणारी डल्सी उभी राहिली. स्वतः आत जाऊन तिने पुस्तक आणलं आणि खिडकीजवळच्या मेजावर ठेवलं.

"संध्याकाळी गायींचं काय?" तिने विचारलं.

"आज धारा नवरा काढतोय," नोस्केबाई म्हणाल्या. "काढू दे, लाथा खाऊ दे."

मग त्या वाचायला बसल्या. आपलंच पुस्तक, पण एक ओळ न गाळता, जणू दुसऱ्या कुणी लिहिलंय. मध्येच खुदकन हसल्या, एकदा रुमाल काढला. पाच वाजले. बंद व्हायची घंटा डल्सी वाजवायची, आणि चोवीस वर्षांत ती मिनिटभरही चुकली नव्हती. नोस्केबाईंची अजून वीसेक पानं राहिली होती. डल्सीने घंटेचा लोलक मुठीत धरला आणि ती दाराशी उभी राहिली.