कोऱ्या जागेखालच्या सह्या

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, आमच्या ग्रामसभेची. कळंबच्या पलीकडे उसात बुडालेलं आमचं गाव. नवी होते तेव्हा केवढा तोरा होता मला! लोकांनी हात वर करून ठरवायचं आणि मी ते जपून ठेवायचं, म्हणजे गावाचा कायदाच की माझ्या पोटात. आता तो तोरा आठवला तरी लाज वाटते.

आमच्याकडे एक वाईट खोड आहे. सभेत वर अर्धं पान कोरं सोडतात, खाली सह्या घेतात, चहा पिऊन माणसं घरी जातात. ठराव ग्रामसेवक भाऊसाहेब मागाहून सवडीनं लिहितात. वर्षानुवर्षं असंच चाललं. मीही कधी कुरकुरले नाही.

गेल्या सव्वीस जानेवारीला फाट्यावर कॅमेरा बसवायचं निघालं. उसातला बिबट्या तिथल्या एसटीच्या थांब्यापर्यंत यायला लागला होता, आणि सकाळी पोरं तिथंच उभी असतात. कॅमेऱ्याला कुणाची ना नव्हती. पण प्रयागबाई उठल्या. साठी उलटलेल्या, साक्षरता वर्गात सही शिकलेल्या. त्या म्हणाल्या, कॅमेरा बिबट्यापुरता आणि चोरीपुरता. माणसांवर नजर ठेवायची असेल तर आधी ग्रामसभेला विचारायचं. सरपंच बाजीराव म्हणाले, आपलंच गाव, अटी कशाला. चांगली तासभर जुंपली. शेवटी हात वर झाले आणि प्रयागबाईंची अट मंजूर झाली. मग चहा आला, आणि कोऱ्या जागेखाली सह्या झाल्या. प्रयागबाईंनी आपली सही एकेक अक्षर घोटून केली.

दुसऱ्या दिवशी बाजीराव भाऊसाहेबांशेजारी खुर्ची ओढून बसले. माझ्यावर लिहिलं गेलं, 'कॅमेऱ्यातील चित्रण सरपंच आवश्यकतेनुसार पाहतील.' अट गायब. ती शाई मी मुकाट्यानं पिऊन घेतली.

प्रयागबाईंची नात रुपाली मंचरला नर्सिंग शिकत होती. मार्चमध्ये ती थांब्यावर वर्गातल्या एका मुलाशी हसून बोलताना कॅमेऱ्यात दिसली. बाजीरावांनी ते चौघांना दाखवलं, मग मोबाइलवर तिच्या वडिलांनाही दाखवलं, आणि वर पोरीकडं लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं. परीक्षा महिन्यावर आलेली.

प्रयागबाई नातीला घेऊन तडक पंचायतीत आल्या आणि आमची अट दाखवा म्हणाल्या. भाऊसाहेबांनी मान खाली घालून मला उघडलं. रुपालीनं ठराव वाचला. मग सह्यांवरून बोट फिरवत आली आणि एका जागी थांबली.

"आज्जी, ही तुझीच सही हाय."

प्रयागबाईंनी सहीच्या वरच्या ओळींवर बोट ठेवलं. "मी केली तवा वर कायबी लिवलेलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"मावशी, सही म्हंजी सही," बाजीराव म्हणाले.

कोण खरं बोलतंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मला तोंड नाही. भरल्या डोळ्यांनी त्या दोघी गेल्या, तेव्हा कुणीतरी मला चुलीत घालावं असं वाटलं.

एक मेच्या सभेत कॅमेऱ्याचा जुना ठराव रद्द करायचं ठरलं, आणि मी पुन्हा सह्यांसाठी फिरले. प्रयागबाईंनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "आदी लिवा, मोठ्यानं वाचा, मंग सही." बाजीराव म्हणाले, चहा गार होतोय. पण शेजारच्या सावळारामांनी पेन उचललं नाही, त्यांच्या पलीकडच्यांनीही नाही. अखेर भाऊसाहेब सगळ्यांदेखत लिहायला बसले. जुना ठराव रद्द, अट कायम. वाचून झाल्यावर पहिली सही रुपालीच्या वडिलांनी केली. पण रुपालीविना परीक्षा होऊन आठवडा झाला होता.

म्हणून सांगते, मित्रांनो. माझ्यासारखी एखादी वही तुमच्यासमोर आली, तर सहीच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचा. कोरं असेल तर पेन खाली ठेवा. कारण त्या जागेत उद्या कुणीही काहीही लिहील, एखाद्या पोरीचं वर्ष जाईल, आणि मी नुसती मिटून कपाटात पडून राहीन.